काशाच्या थाळीची अर्धी साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी काशाची थाळी आहे. भाट्ये गावच्या एका घरात माझं आयुष्य गेलं. मला घडवणाऱ्याचं नाव आता कुणाला आठवत नाही. माझा नाद मात्र वाडीभर नावाजलेला. माझ्यात भात वाढला, पण वाडी मला मागून न्यायची ती वेगळ्याच कामाला. बाळ जन्मलं की त्याच्या डोक्यामागे मला लाटण्याने बडवायचं. बाळ दचकलं, की कान शाबूत! मीही फुगत गेले. आज त्याचीच लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी या घरच्या नम्रताला मुलगी झाली, सानिका. सारखी झोपलेली, दूध ओढायची नाही, कावीळ उतरेना, रडणं घोगरं. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालणारी गोदूबाई म्हणे, "नशीब काढलंस गो! रडत म्हणून नाय पोर."

दवाखान्याने टाचेतलं रक्त आणि कान तपासायला बोलावलं होतं. नम्रता निघाली तशी गोदूबाई कडाडली, "एवढ्याशा टाचेत सुई? आण ती थाळी!"

ठण्ण! सानिका दचकली.

"बघ, आयकते की नाय? बस आता घरात."

नम्रता बसली. मी खोटं बोलले नाही, अर्धंच बोलले. माझा ठणाणा कमी ऐकणाऱ्यालाही हलवतो. "आई" हा शब्द किती हळू असतो, ते मला काय ठाऊक?

सात महिन्यांची झाली तरी मान धरेना, तेव्हा रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जन्मापासून पुरेसा रस करतच नव्हती. ती झोप, ती कावीळ, तो घोगरा आवाज त्याचाच; टाचेच्या थेंबात ते तेव्हाच दिसलं असतं. त्या रसावाचून कानाच्या आतला नाजूक भाग नीट घडत नाही, मेंदूही मागे पडतो. रोजची गोळी सुरू झाली, पोर टवटवीत झाली. पण वाया गेलेले महिने गोळीने परत येईनात. आज तिच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. शब्द मोजकेच.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कान कशाने तपासले होते," कान तपासून आणले त्या दिवशी नम्रता घरी येऊन म्हणाली. "थाळीने, असं सांगताना जमीन दुभंगावी वाटलं."

परवा शेजारची सावित्री आठ दिवसांचा नातू घेऊन आली. "नम्रता, थाळी दे गो जरा."

"थाळी मिळायची नाही. रिक्षा बोलावते. दवाखान्यात आधी रक्त, मग मशीनवर कान."

"अगो, तुझी थाळी तर नावाजलेली!"

"म्हणूनच."

मित्रांनो, माझ्यात जेवा, मला राखेने घासा. पण शांत बाळाचं कौतुक करत घरी बसू नका, आणि त्याचे कान माझ्यावर सोपवू नका. मला फक्त वाजता येतं.