थैलीतला फोन

"रणवीर, तो मोबाइल खाली ठेव, नाहीतर कान उपटून हातात देईन!"

रणवीरने मान वर केली नाही. निरुपमाबाई बायबलातल्या योनाला माशाच्या पोटात घालून पाच मिनिटं ताटकळत उभ्या होत्या, पण पोरांना ना मासा हवा होता ना योना. सगळी रणवीरच्या मोबाइलवर तुटून पडली होती. सव्वीस वर्षं बाई सुभानपुऱ्यातल्या मराठी चर्चच्या मागच्या खोलीत दर रविवारी मुलांचा वर्ग घेत होत्या. पोरं पूर्वीही वात आणायची, पण निदान बाईंकडे बघून आणायची!

मागच्या आठवड्यात त्यांनी घरोघरी कागद पाठवले होते : तुमचं मूल रोज किती वेळ मोबाइल बघतं? झाडून सगळ्या आईबापांनी लिहिलं, अर्धा तास. "चर्चच्या कागदावर खोटं लिहितात, लाज कशी वाटत नाही?" असं बाई पाळकसाहेबांनाही ऐकवून आल्या होत्या.

आज मात्र हद्द झाली. त्यांनी कपाटातून दानाची जुनी मखमली थैली काढली आणि वर्गात फिरवली.

"सगळ्यांचे मोबाइल यात. एकदम चूप!"

पोरांनी कुरकुरत फोन टाकले. सात वर्षांच्या सानवीने डोळे मिटले, हात जोडले आणि मग आपला फोन आत सोडला.

"आता हे काय नाटक?" बाई खेकसल्या.

वर्ग सुटला. पोरांनी थैलीवर झडप घातली आणि आपापले फोन घेऊन पळाली. एक तळाशी राहिला. "डोकं कुठे असतं यांचं, देव जाणे!" म्हणत बाईंनी तो बाहेर काढला, तोच वाजला. पडद्यावर नाव, मम्मी.

सानवीची आई मस्कतला नर्स होती. रविवारी अकराला तिचा फोन यायचा, आठवड्यातून तेवढाच. त्यासाठीच आजोबांनी आपला जुना फोन पोरीला दिला होता. बाईंना हे चांगलं ठाऊक होतं. रागाच्या भरात आठवलं नाही, झालं.

त्या धावत बाहेर आल्या. सानवी आजोबांची वाट बघत पायरीवर बसली होती.

"अगं, मम्मीचा फोन! घे लवकर!"

सानवीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नाही टीचर. थैलीत टाकला ने," ती गुजराती वळणाने म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय, थैलीत टाकलं की ते देवाचं. परत घ्यायचं नाही."

"अगं, बाकीच्यांनी घेतले ना?"

"त्यांनी ठेवायला दिले होते. मी देवाला दिला."

सव्वीस वर्षांत बाईंचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते नेमकं आज! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना. फोन वाजून थांबला. पोरीचा ओठ थरथरला, पण हात पाठीमागेच. फोन पुन्हा वाजला.

"बरं बाई, नको घेऊस," निरुपमाबाई म्हणाल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी त्या खालच्या पायरीवर टेकल्या. स्वतःच फोन उचलला आणि पडदा पोरीच्या तोंडासमोर धरला.

"सानू! किती वेळ गं? जेवलीस का?"

सानवी बोलायला लागली ती थांबेचना. हात भरून आला, तसा बाईंनी दुसऱ्या हाताचा टेकू दिला.