सातवं स्टूल

खोलीत यंत्रं सहा होती आणि स्टुलं सात. काचा घासायची यंत्रं दोन, पॉलिशची दोन, कडा कापायचं एक आणि दारापाशी नंबर तपासायचं एक. खिडक्या तीन, त्यातली एक उघडायची नाही. फडताळावर बिनझाकणाची एक बरणी आणि त्या बुधवारी तिच्यात दोन फुटक्या काचा. सातव्या स्टुलापुढे यंत्र नव्हतं. ते ताईचं स्टूल, आणि ते दिवसभर या यंत्राजवळून त्या यंत्राजवळ सरकत असायचं.

चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या या कारखान्यात ताई प्रमुख म्हणून आली तेव्हा बरणी नव्हती. आधीचा मुकादम बिघडलेली काच दिसली की ज्याची त्याच्या अंगावर फेकायचा. त्यामुळे माणसं बिघडलेल्या काचा खिशात घालून घरी न्यायची आणि हिशेब कोणालाच लागायचा नाही. ताईने फडताळावर बरणी आणून ठेवली. ज्याची काच बिघडेल त्याने चहाच्या वेळी ती स्वतः आणायची, कशी बिघडली ते सांगायचं आणि बरणीत टाकायची. तो बोलत असताना मध्ये कोणी तोंड उघडायचं नाही, आणि बोलून झाल्यावर कोणी त्याला बोल लावायचा नाही. शनिवारी बरणी मोजून रिकामी करायची. पहिल्या शनिवारी एकतीस काचा निघाल्या. वर्षभरात आकडा चारवर आला आणि तिथेच राहिला.

तिची दुसरी सवय लोकांना पचायला जास्त वेळ लागला. कोणी काच घेऊन आलं आणि "ताई, ही झाली का बघा" म्हणालं, की ती काचेकडे बघायचीच नाही. माणसाकडे बघायची आणि विचारायची, "तुला काय वाटतं?" पाठीमागे तिला सगळे प्रश्नपत्रिका म्हणायचे. काचा घासणारा घाशा तर म्हणायचा, "हिच्या घराला आग लागली तरी ही नवऱ्याला विचारेल, तुला काय वाटतं, ही आग आहे का?" ताईच्या कानावर ते गेलं. ती हसली आणि म्हणाली, "मग तो काय म्हणेल, तेही सांग की."

पॉलिशवर गप्पू होता. तोंडातून शब्द काढायला त्याला जड जायचं, पण दर दहा मिनिटांनी तो काच घेऊन उभा. ताईने त्याला काही शिकवलं नाही. आपलं स्टूल त्याच्या शेजारी ओढलं आणि तीन दुपारी ती नुसती इकडचं तिकडचं बोलत बसली. तिसऱ्या दुपारी तो मान वर न करता म्हणाला, "ताई, मला जवळचं धूसर दिसतं. आधीच्याला सांगितलं असतं तर त्याने काढलं असतं मला." चष्म्यांच्या कारखान्यात चष्म्यावाचून आंधळेपणाने काम करणारा माणूस. दारापाशी नंबर तपासणाऱ्या नंबरवालीने त्याचे डोळे तपासून आणायला लावले, आणि ताईने त्याच्या चष्म्याच्या काचा त्यालाच पॉलिश करायला दिल्या. त्यानंतर तो कधी काच घेऊन उभा राहिला नाही.

मालकांचं वय झालं आणि कारभार जावयाकडे आला. जावईबापू, असं लोक म्हणायचे, तेही मागेच. माणूस वाईट नव्हता. समोरचा बोलायला लागला की तो मोबाईल पालथा घालायचा, थोडा पुढे वाकायचा आणि मध्ये तोडायचा नाही. त्या बुधवारी पहिल्याच भेटीत त्याने ताईला वरच्या खोलीत बसवून सरळ सांगितलं, "काम पूर्वीसारखं येत नाही. यंत्रं सहाही ठेवायची आहेत. माणूस एक कमी करावा लागेल. कोण, ते मी ठरवलेलं नाही. आधी सगळ्यांचं ऐकतो. तोवर हे खाली बोलू नका, नाहीतर माणसं मोकळेपणाने बोलणार नाहीत."

ताईला ते पटलं. तिनेही हेच केलं असतं.

घरी नवऱ्याने ताट वाढताना ऐकून घेतलं. "उद्या जाऊन तुझ्या माणसांना सांग, वर विचारलं की माझ्या बाजूने बोला म्हणून."

"त्यांना जे वाटतं ते सांगतील ते."

"तेच तर म्हणतोय मी," नवरा म्हणाला.

"पंधरा वर्षं आहे मी त्यांच्यात."

"त्यातल्या किती वर्षांत त्यांनी तुला काही विचारलंय?"

ताईने वरण वाढून घेतलं आणि विषय तिथेच सोडला. आपली जागा जाईल असं तिला त्या क्षणापर्यंत खरंच वाटलं नव्हतं. आता वाटलं.

गुरुवारी जावईबापूंनी एकेकाला वर बोलावून चहा पाजला. घाशा खाली आला तो कॉलर सरळ करत. "आजवर याच्या सासऱ्याने माझं एवढं ऐकलं नाही. बायकोने तर सोडाच."

"तुझं ऐकायचं तर पगार द्यावा लागेल माणसाला," नंबरवाली म्हणाली. ती गेली आणि तीही खुशीत परत आली. गप्पू सगळ्यांत शेवटी गेला आणि सगळ्यांत उशिरा उतरला. उतरला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि तो हसत होता.

ताईने कोणाला काही विचारलं नाही.

शुक्रवारी तिला वर बोलावलं. जावईबापूंनी मोबाईल पालथा घातला.

"मी सगळ्यांना एकच विचारलं. काम अडलं तर कोणाकडे जाता? सहाच्या सहा म्हणाले, कोणाकडे नाही. आमचं आम्ही बघतो."

ताईला आधी आनंद झाला. अगदी पोटातून. तो पुरता वर यायच्या आत पुढचं कळलं.

"गप्पू अर्धा तास बोलला," तो म्हणाला.

"गप्पू?"

"हो. चष्म्याचं सगळं सांगितलं त्याने. तुमचं फार प्रेमाने बोलला. आणि शेवटी म्हणाला, आता मला कोणी लागत नाही." तो थोडा पुढे वाकला. त्याचे डोळे खरंच ओलसर होते. "मी तुम्हाला निर्णय सांगत नाही, ताई. मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुम्हाला काय वाटतं?"

तिला बरंच काही म्हणता आलं असतं. माणसं अडत नाहीत, यालाच माझं काम म्हणतात, असं म्हणता आलं असतं. पण ते खरं असलं तरी त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आता इथे तिची गरज आहे का, हे त्याने विचारलं होतं आणि त्याचंही उत्तर तिला माहीत होतं. तिने स्वतःलाच दुसऱ्याचं काम तपासावं तसं तपासलं.

"सहा यंत्रांना सहा माणसं पुरतात," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं," त्याने सुटकेचा श्वास टाकला. "तुमच्याच तोंडून आलं, हे किती बरं झालं."

शनिवारी चहाच्या वेळी तिने खाली सांगितलं, एक माणूस कमी होणार आणि तो मीच. घाशाच्या हातातला कप तसाच राहिला. नंबरवाली म्हणाली, "म्हणजे परवा आम्ही जे बोललो त्याच्यावरून?"

"जे खरं ते बोललात."

"ताई, आम्ही काय करायचं आता?"

कितीतरी वर्षांनी कोणी तिला विचारत होतं. वर जा आणि भांडा, एवढंच म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण तोंडातून गेलं ते सवयीचंच. "तुम्हाला काय वाटतं?"

ते परत घेता येईना.

"एकेकाने बोलू," नंबरवाली म्हणाली. "मध्ये कोणी बोलायचं नाही."

घाशा म्हणाला, "सगळ्यांनी मिळून वर जायचं. ताई नाहीत तर आम्ही नाही, असं तोंडावर सांगायचं." सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. कडा कापणारा म्हणाला, "आणि तो म्हणाला, बरं, नका येऊ. मग?" तेही ऐकलं. नंबरवालीने चष्मा पुसत म्हटलं, "एक कमी करायचाच आहे. ताई नाहीत तर आपल्यातला एक. हे धरून बोला."

मग गप्पू बोलला, मान वर करून, न अडखळता. "ताईंनी राहावं असं मला मनापासून वाटतं. पण माझी जागा मला सोडायची नाही. खरं असं आहे."

त्याला कोणी बोल लावला नाही. तसा नियमच होता.

मग प्रत्येकाने आपापलं सांगितलं. घाशानेही दुसऱ्यांदा बोलताना आपलं थोडं मागे घेतलं. आवाज कोणाचा चढला नाही, कोणी कोणाला तोडलं नाही. ताईने इतकी चांगली चर्चा या खोलीत आधी ऐकली नव्हती. वर कोणी जायचं नाही असं ठरलं आणि शेवटी सगळे तिच्याकडे वळले.

"बरोबर आहे ना, ताई?" नंबरवालीने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"तुला काय वाटतं?"

"बरोबर वाटतंय."

"मग झालं," ताई म्हणाली, आणि उठून तिने कप विसळून ठेवला.

महिना संपला. त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ती कपाटाची किल्ली परत द्यायला आली. सगळे उठून उभे राहिले. सातव्या स्टुलावर जेवणाचे डबे रचले होते. घाशाने घाईघाईने ते उचलले आणि स्टूल पदराने पुसावं तसं शर्टाच्या बाहीने पुसलं. "बसा ना, ताई."

"नको, नवरा खाली उभा आहे."

गप्पू पॉलिशवर होता. त्याने काच दिव्यात धरली, या बाजूने पाहिली, त्या बाजूने पाहिली आणि पुढे सरकवली.

तिने किल्ली नंबरवालीच्या हातात दिली. जाताना फडताळापाशी थांबून बरणी खाली घेतली आणि टेबलावर ओतली. आठवड्यात चारशे अठरा काचा झाल्या होत्या. बरणीत चार निघाल्या.