भुईनिंबाचा गुण

आरमोरीजवळच्या एका गावात रामाजी काविळीचं औषध देतात. कोणत्या झाडाची मुळी, हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नाही. नाव फोडलं की औषधाचा गुण जातो, हा त्यांच्या घराण्याचा नियम.

त्यांची मुलगी पुनम मात्र नावं फोडण्याचंच शिक्षण घेऊन बसली. नागपूरच्या प्रयोगशाळेत तिने भुईनिंब या रानवनस्पतीतला एक कडू अंश वेगळा काढला, काचेच्या बशीतल्या जठराच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला आणि त्या मेल्या. तिला पीएचडी मिळाली. पेपरात बातमी आली, 'भुईनिंबापुढे कॅन्सर गारद!' गावाने चौकात बॅनर लावला. त्यावर पुनमपेक्षा सरपंचांचा फोटो मोठा होता.

त्याच महिन्यात रामाजींच्या जठरात गाठ निघाली. दैवही काय मुहूर्त शोधतं! डॉक्टर म्हणाले, लवकर सापडली आहे, सोमवारी ऑपरेशन केलं तर वाचण्याची चांगली आशा आहे. रामाजींनी साफ नकार दिला आणि चुलीवर भुईनिंबाचा काढा चढवला.

"घरची पोरगी औषध काढून राह्यली, अन् मी पोट फाडाले जाऊ? लोकं काय म्हनतीन?"

"बाबा, ते बशीतलं हाय. मानसाच्या पोटात काय होते, ते कोनालेच ठावूक नाई अजून. बशीत फिनाईल टाकलं तरी पेशी मरतेत."

"मंग तुले डॉक्टर काऊन केलं?"

पुनमच्या परीक्षकांनीही इतकं अडचणीचं विचारलं नव्हतं.

रविवार उजाडला. रामाजींनी काढ्याचा पेला उचलला. त्यांची बायको गुणाबाई पदराने डोळे पुसत होत्या. बाप आपल्या कौतुकापायी मरणार, हे पुनमला दिसलं. सगळं शास्त्र विसरून ती ओरडली, "प्या! पन गुण कुठी रायला त्यात? नाव तं मी पेपरात फोडलं!"

रामाजींचा हात थांबला. चेहरा उतरला. बातमी त्यांनीच चार घरी वाचून दाखवली होती. त्यांनी पेला अंगणात ओतला आणि गुणाबाईंना म्हणाले, "पिशवी भर."

ऑपरेशन नीट झालं. आता रामाजी पुन्हा ओसरीवर बसून औषध देतात. कोणी पोरीची तारीफ केली की सदरा वर करून टाक्यांचा व्रण दाखवतात. "हुशार हाय. पन तोंड आवरलं असतं, तं माह्यं पोट फाडा लागलं नसतं."

पुनम ऐकून घेते. बाप आपल्याला बोल लावायला जिवंत आहे, याचंच तिला एवढं सुख आहे की ती मान खाली घालून म्हणते, "चुकलंच माह्यं, बाबा."