उतारापुरती सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे वयाने नव्हे. माझ्या वयाच्या सायकली सपाट गावांत अजून तोऱ्यात मिरवतात. मला म्हातारी केली ती एका टेकड्यांच्या शहराने, आणि तीही नुसते उतार उतरवून.

कारखान्यातून आम्ही सगळ्या बहिणी एका साच्यातून निघालो. हिरवा रंग, जाड टायर, पुढे टोपली आणि मागच्या चाकाला मोबाइलने उघडणारे कुलूप. गिअर मात्र नव्हते. त्यांची काही गरज नाही, असे भाड्याच्या सायकलींच्या योजनेच्या साहेबांनी ठरवले होते. साहेब मोटारीतून फिरत, त्यामुळे त्यांना चढ कधी लागलाच नव्हता. आम्हाला वरच्या नाक्यावर ओळीने उभे केले, फीत कापली, फोटो निघाले. एका पाहुण्याने मला सपाटीवर चार पावले चालवले आणि सायकल या शहराला किती मानवेल यावर तो बराच वेळ बोलला.

दुसऱ्याच दिवशी खरा प्रकार कळला. वरच्या वस्तीतली माणसे सकाळी आमच्यावर बसून भुर्रकन खाली जात, खालच्या स्टँडवर आम्हाला टाकून देत आणि संध्याकाळी बसने घरी येत. चढावर आम्हाला कुत्रे विचारत नसे. मग टेम्पो येई. दोन हमाल आम्हाला आडव्यातिडव्या कोंबून पुन्हा वर नेऊन सोडत. म्हणजे माणसांना सायकल वाहत होती आणि सायकलीला टेम्पो. घोडे मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने म्हणतात. माझ्या नशिबी दोन्ही होते. साहेब प्रत्येक उतार एक फेरी म्हणून धरत आणि योजना जोरात चालली आहे असे सांगत. ते खोटे नव्हते. उतारावर काय, दगडही जोरात चालतो.

मित्रांनो, उतारावर सायकलीचे काय झिजते, सांगा पाहू? चेन नाही, पायडल नाही. झिजतो तो ब्रेक. आमच्या ब्रेकची रबरे साबणाच्या वडीसारखी संपून जात.

त्यासाठी एक मिस्त्री होता, तोंडाने फटकळ आणि हाताने चोख. एकट्याने तो कुठेकुठे पुरणार? म्हणून त्याने वस्तीला एक रीत लावून दिली. सायकल बिघडली की तिची सीट फिरवून उलटी करायची. तो येऊन दुरुस्त करी आणि मगच सीट सरळ करी. ती सरळ करायचा हक्क दुसऱ्या कुणालाही नव्हता. सरळ सीट म्हणजे माझा शब्द, असे तो म्हणे, आणि त्याच्या शब्दावर सगळी वस्ती डोळे मिटून उतार उतरत असे.

त्या वस्तीत काजवाली राहत होती. खाली स्टेशनाजवळ गणवेश शिवायचा कारखाना होता, तिथे ती पायाच्या मशीनवर शर्टांना काजे करी. कारखान्याचे फाटक घंटा झाली की बंद. उशिरा आलेली बाई घरी, आणि वारंवार घरी गेलेली बाई कायमची घरी. वरून सुटणारी बस तर लहरी. आम्ही आलो आणि काजवालीने बंद फाटक पाहिले नाही. तिच्या टेबलाची मुकादमीण महिनाअखेर काम सोडणार होती. तोवर एकदाही उशीर झाला नाही तर ती जागा काजवालीला मिळायची होती. घरात नवरा नव्हता, एक शिकणारी नणंद होती. तिचे शिक्षण त्या जागेवर अवलंबून होते.

संध्याकाळी मला चढावर ढकलत वर नेणारी अख्ख्या शहरात ही एकच. सकाळी वर सायकल उरली नाही तर काय, ही तिची धास्ती. मी ओळखू यावी म्हणून तिने माझ्या हँडलला लाल चिंधी बांधली होती. लोक फिदीफिदी हसत. नणंदही कोपऱ्यावर उभी राहून चिडवी, "वहिनी, तू सायकलवरून येतेस की सायकलला फिरवून आणतेस?"

"खाऊ दे की तिलाही वरची हवा," काजवाली धापा टाकत म्हणे.

त्या दिवसांत मला वाटू लागले होते की मी कुणाची तरी आहे. भाड्याच्या वस्तूने असे वाटून घेऊ नये.

मग एका सकाळी शेवटच्या वळणावर माझा ब्रेक घसरला. काजवालीने चपला रस्त्याला घासत मला कशीबशी थांबवले. तरी संध्याकाळी तिने मला ढकलत वर आणलेच, स्टँडला लावले आणि माझी सीट उलटी केली. मिस्त्री सकाळी येईल तेव्हा येईल, उद्या बसच धरू, असे ती नणंदेला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी नेमकी समिती यायची होती. टेकड्यांच्या शहराला सायकल मानवते की नाही, हे ती ठरवणार होती. साहेबांनी मिस्त्रीला खालचा स्टँड धुवायला पिटाळले आणि ते स्वतः वर आले. निम्मी ओळ उलट्या सीटांची पाहून त्यांचे तोंड आंबट झाले. एका हमालाने रीत समजावून सांगितली. साहेबांनी नीट ऐकून घेतले.

"फोटो होईपर्यंत सगळ्या सरळ करा," ते म्हणाले. "मग पुन्हा फिरवा हवं तर."

हमालांनी एकमेकांकडे पाहिले आणि सीटा सरळ केल्या.

काजवाली बससाठी आली तर बस अजून आलीच नव्हती. तिची नजर लाल चिंधीवर गेली, मग सीटवर. तिचा चेहरा उजळला. साहेब तर तिला पाहून हरखलेच. समितीला दाखवायला खरीखुरी सायकलवाली मिळाली होती. समिती मोटारीतून उतरेपर्यंत त्यांनी तिला थांबवून धरले. ती सारखी घड्याळ बघत होती. अखेर निघताना तिने विचारले, "मिस्त्रीनं बघितलीये ना ही?"

"सगळ्या बघून झाल्यात. निघा तुम्ही, ताई."

टाळ्या वाजल्या आणि आम्ही निघालो.

पहिले वळण पार पडले. दुसऱ्या वळणावर तिने ब्रेक दाबला, मग दोन्ही हातांनी आवळला, मग पाय टेकले. चपलेचा पट्टा तुटला. खाली भिंत होती. माझ्यात आणि भिंतीत तिचा उजवा गुडघा होता. त्या आपटीत माझे कुलूप खटकन बंद झाले, म्हणून साहेबांच्या हिशेबी ती फेरी सुखरूप पूर्ण झाली.

समितीने चहा घेतला आणि सायकल या शहराला मानवते असे ठरवले. पुढे चौकशी झाली. सीट सरळ कोण करतो? मिस्त्री. मग दोष कुणाचा? साहेबांनी कानांवर हात ठेवले. हमालांनी मानाच वर केल्या नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तशी मिस्त्रीची नोकरी गेली. काजवालीही त्यालाच शिव्याशाप देत राहिली. खरे काय ते मला माहीत होते, पण सायकलीला साक्षीला कोण बोलावतो?

तिचा गुडघा आता वाकत नाही. पायाच्या मशीनला वाकणारा गुडघा लागतो. मुकादमिणीची जागा दुसरीला गेली, आणि रिकाम्या मशीनवर शिक्षण सोडून नणंद बसली.

मला सरळ करून, रंग देऊन, चिंधी काढून पुन्हा स्टँडवर लावले आहे. सायकली वाढल्या, मिस्त्री नवा नेमला नाही. सीट उलटी करायची रीतही मोडली, कारण बघणारेच कुणी नाही. नणंद सकाळी निघते तेव्हा काजवाली काठी टेकत सोबत येते आणि एकेक ब्रेक स्वतः दाबून पाहून तिला सायकल देते. आज मात्र तिचा गुडघा सुजला आहे, म्हणून ती आलेली नाही.

बस चुकली आहे. ओळीत मी एकटीच उरले आहे. माझ्या ब्रेकला रबर नाही. नणंदेने मोबाइल काढला आहे. तिला घंटेच्या आत फाटक गाठायचे आहे.

मित्रांनो, मला पुसू नका, मला रंग देऊ नका, माझी कीव करू नका. त्या मुलीला तेवढी हाक मारा. कुलूप उघडले आहे.