थकण्याआधी

माघातली दवओली, धूसर सकाळ. कृष्णेच्या पात्रावर धुक्याचे शुभ्र, शिथिल पदर. आणि पूर्वेला, उसाच्या रुपेरी तुऱ्यांमागून, तांबूस, तापट सूर्य वर येत होता.

काठाकाठानं रत्नप्रभा चालत होती. मंद. अतिमंद. एके काळची ही खो-खोच्या मैदानावरची चपला, वाऱ्यालाही हुलकावणी देणारी. गेल्या वर्षी एक ताप आला आणि गेला. जाताना अंगातलं सारं चैतन्य घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम, विश्रांतीनंही न सरणारा थकवा, आणि चालण्याचं पथ्यही सांगितलं : थकल्यावर नव्हे, थकण्याआधी थांबायचं.

सुकुमारदादाला ते पटलं नाही. थोरला भाऊ तो, तिला खेळ शिकवणाराही तोच. कार्तिक सरताच त्यानं तिला मैदानावर नेलं, पळवलं. ती पळाली, हसत, हरखून पळाली. आणि दुसऱ्या दिवशी देहाची शिळा झाली. कंगवा पेलेना, उजेड सोसेना, शब्दही जड झाले. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. तिला ते बंद खिडकीच्या फटीतूनच कळले.

आज ती चिंचेपाशी आली आणि माघारी वळली. पायांत अजून बळ होतं; म्हणूनच वळली.

"एवढ्यातच फिरलीस व्हय?" समोरून धावत आलेला दादा गरजला. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका माना वळवून बघू लागल्या. "आजाऱ्यागत काय चालतीस? पळ की! आळस मोडल्याबिगर जातोय व्हय?"

संताप उसळला. रक्तवर्ण, रौद्र, रोमारोमांतून उसळला. पोटऱ्यांत जुनी वीज सळसळली. दाखवावंच याला! धुकं चिरत, धूळ उडवत, याच्या डोळ्यांदेखत पळावं! टाच उचललीही गेली.

तिथंच तिनं स्वतःला आवरलं. पळायला लावणारा हा संतापही दादाच्याच बाजूचा, हे तिला कळलं. आणि त्या जाणिवेनं ती अधिकच पेटली.

"आजाऱ्यागत न्हाई, दादा," ती म्हणाली. आवाज हळू, पण धारदार. "मी आजारी हाय. तुझ्या एका दिवसाच्या हट्टापायी मी दोन महिने अंधारात काढले. एकदा तरी दार उघडून बघितलंस?"

दादानं आधाराला हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

ती चालू लागली. मंद, अतिमंद, ताठ. त्या चालण्यात क्षमा नव्हती, घाई नव्हती. धुकं फाटलं होतं. साऱ्या पात्रभर ऊन पेटलं होतं, लालभडक, लखलखतं. आणि त्या धगीच्या कडेकडेनं एक सावकाश सावली, कुणाच्याही हाकेनं न ढळणारी, आपल्याच लयीत, घराकडे निघाली होती.