वॅनेटाचा निबंध

तंबाखूच्या कोठारात वॅनेटा पानं खुडत होती, तिथंच तिच्यासमोर मी तिचा निबंध फाडला.

"बाई!" ती किंचाळली. चिकानं काळी झालेली बोटं तिनं तशीच कपाळाला लावली. "चार येळा लिवला हुता त्यो!"

"मग पाचव्यांदा लिही. शिक्षणाचं महत्त्व त्या कॉलेजवाल्यांना तू काय सांगतीस? ते त्यावरच जगत्यात. तुझं काय ते लिही. खरं लिही."

मी आमच्या खोऱ्यातल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. नोकरी संपल्यावर दर शनिवारी चर्चच्या तळघरात चार-पाच पोरं गोळा करायची, त्यांच्याकडून गणितं घोटून घ्यायची, कॉलेजचे अर्ज आणि त्यांना जोडायचे निबंध लिहून घ्यायचे, असा उद्योग मीच अंगावर ओढून घेतला. केंटकीच्या ह्या डोंगरात हायस्कूल संपलं की पोरं एक तर खाणीत उतरतात, नाहीतर तंबाखूत. वॅनेटा मलिन्स मात्र गणित असं सोडवायची, की बघणाऱ्याला वाटावं पोरगी शेंगा सोलतेय.

पुढच्या शनिवारी तिनं दोन कागद माझ्यापुढं टाकले आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

डेन्वरचं लिहिलं होतं तिनं. तिचा थोरला भाऊ. दोन वर्षांमागं उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि तो खाली सापडला. वीस वर्षांचा होता. हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. पण वॅनेटानं पुढचंही लिहिलं होतं. ट्रॅक्टरवर बसणाऱ्याच्या पाठीमागं लोखंडी कमान असते, उलटला तरी माणूस चिरडू नये म्हणून. ती कमान कोठाराच्या दाराला अडकायची, म्हणून बाबांनी काढून ठेवली होती.

'आमच्या घरात हे कुणी बोलत नाही,' तिनं लिहिलं होतं. 'आई आधीच गेली, आता आम्ही दोघंच. मी बोलले तर बाबा जगायचे नाहीत. म्हणून मी गणितं करते. तिथं चुकलं ते चुकलं, असं म्हणता येतं.'

मी चष्मा पुसला. म्हटलं, "हेच उतरवून धाड."

मार्चात पत्र आलं. तिला घेतलं होतं, राहण्याजेवणाच्या सोयीसकट.

त्याच आठवड्यात तिचा बाप एल्झी माझ्या दारात उभा. अंगात चर्चला घालायचा सदरा, हातात ते दोन कागद.

"पोरीच्या पेटीतनं आनल्यात. तिला सांगू नगासा," तो म्हणाला. "ह्या लिवन्यानं ती कालिजात चालली म्हनं. वाचून दावा की, बाई. मला कुटं येतंय!"

एल्झी माझाच विद्यार्थी. तिसरीत असताना त्याच्या बापानं त्याला तंबाखूच्या कापणीला नेला, तो परत आलाच नाही. मीही आणायला गेले नाही.

मी वाचायला लागले. डेन्वर शीळ कशी घालायचा, बहिणीला पाठुंगळी घेऊन ओढा कसा ओलांडायचा. एल्झी हसत होता, डोळे पुसत होता. मग ते वाक्य आलं. मी ते गिळलं आणि मनचंच जुळवलं, की उतार ओला होता, देवाची मर्जी होती.

एल्झीचं हसू थांबलं.

"पोरगी असं लिवत न्हाई, बाई. देवाची मर्जी आमच्या घरात कोन म्हनत न्हाई. कमानीचं काय लिवलंय?"

मी कागदांची घडी घालायला लागले.

"हाय तसं वाचा."

मी वाचलं. तो टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत राहिला. संपलं तरी मान वर केली नाही.

"बराबर लिवलंय," तो म्हणाला. "एक तिला ठावं न्हाई. त्या सकाळी डेन्वर म्हनला, 'बा, आज उतारावर जायाचंय, कमान बसवूया.' मी म्हनलो, उद्या. न्याहारी करत हुतो मी, बाई. हातातला पाव ठिऊन उठाया लागलं असतं. येवढंच."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो काढून घेतला.

"मला कळलंय, हे तिला सांगू नगासा. न्हाईतर ती जायाची न्हाई. माज्यापाशी बसून ऱ्हाईल."

ऑगस्टात आम्ही तिला बसवर सोडायला गेलो. बाप-लेक अर्धा तास शेजारी शेजारी उभी होती.

"पोचलीस की फोन कर."

"तू येळेवर खा."

"व्हय."

बस लागली. एल्झी सामान चढवायला गेला तशी वॅनेटानं माझी बाही धरली. "बाई, शपथ घ्या. त्यो निबंध बाला कंदी वाचून दावायचा न्हाई. त्याला सोसायचं न्हाई."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

बापाच्या गळ्यात पडून ती भरभर चढली. दार लागलं. आमच्या बाजूच्या काचा काळ्या, आतलं काही दिसेना. एल्झी मधल्या खिडकीजवळ धावला आणि टोपी काढून हात हलवायला लागला. बस वळली तेव्हा मला पुढच्या काचेतून दिसलं. वॅनेटा पलीकडच्या बाजूला बसली होती, दोन्ही हातांत तोंड घेऊन.

"बगितलं का तिनं, बाई?" एल्झीनं विचारलं. हात अजून वरच होता.

"बघितलं," मी म्हटलं.