उपाशी रक्त

दोन दिवस नवरा माझ्या हातचं धड जेवत नव्हता. ताट पुढे ठेवलं की दोन घास चिवडायचे आणि "पोट जड आहे" म्हणून उठायचं. इतकी वर्षं मुकाट्याने खाल्लं आणि आताच कुठून हे जिभेचे चोचले? मीही धुसफुसत होते. तोंडाने काही बोलले नाही, भांडी मात्र जरा जास्तच वाजवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची चाचणी होती. आमच्या सायकल क्लबच्या मागच्या खोलीत ती मीच घेते. सायकल जागच्या जागी घट्ट बसवलेली; चाक फिरतं, माणूस तिथेच. दर थोड्या मिनिटांनी मी भार एक पायरी वाढवायचा, स्वाराच्या कानाच्या पाळीवरचा घाम नीट पुसायचा, टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि यंत्रावरचा आकडा मोठ्याने वाचायचा. पायांना झेपेनासं झालं की रक्तात लॅक्टेट साचतं, आकडा चढतो. कोचचा नियम सरळ होता. सहाव्या पायरीला आकडा चारच्या आत असेल तर संघात, नाहीतर घरी.

नवऱ्याला क्लबमधली पोरं काका म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला हसावं लागतं. हा आपला शेवटचा हंगाम, हे त्याचं त्यानेच ठरवलं होतं. फक्त तो त्याला संघात राहून काढायचा होता, बाकावर बसून नाही.

"दोन पॉइंट आठ," सहाव्या पायरीला मी वाचलं.

कोच खुर्चीतून उठलाच. "वा काका! या वयात! वहिनी, यांना खायला घालता तरी काय?"

"सध्या तरी टोमणेच," मी म्हणाले.

पण सातव्या पायरीला नवऱ्याचे पाय एकदम थांबले, आणि आकडा अजून चारच्या आतच. हे काही मला पटेना. एरवी हा माणूस दहा-बाराच्या पुढे गेल्याशिवाय उतरत नाही, आणि तिथवर जाताना मला, यंत्राला, सायकल बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालतो. आज नुसता पांढराफटक पडून हँडलवर वाकला होता. अहो, जळायला अंगात काही असेल तर लॅक्टेट होणार ना! उपाशी माणसाचा आकडा कमी येतो, हे एकदा मीच त्याला हौसेने समजावून सांगितलं होतं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तोंडाला काही धरबंध राहिला नाही.

"म्हणजे माझा स्वयंपाक वाईट नव्हता!" मी ओरडले. "मुद्दाम उपाशी राहिलास होय रे तू! आणि मी मेली मीठ कमी करू की तिखट कमी करू म्हणून जीव आटवतेय!"

कोचने काकांकडे पाहिलं, काकांनी फरशीकडे. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते.

"परवा या," कोच म्हणाला. "जेवून या."

घरी जाऊन तो भांडला असता तर बरं झालं असतं. "खऱ्या आकड्याने मी घरी बसणार, तुला ठाऊक आहे," एवढंच म्हणाला, आणि दोन्ही दिवस मी वाढेन तेवढं गुपचूप जेवला. घास उतरत नव्हता तो माझ्याच घशाखाली.

परवाच्या दिवशी पुन्हा तीच खोली, तोच कान. सहाव्या पायरीचा थेंब मी पट्टीवर घेतला. यंत्राची काच एवढीशी, ती फक्त मला दिसते. चार पॉइंट तीन.

"किती, वहिनी?" कोचने विचारलं.

खरं सांगते, तीन पॉइंट नऊ अगदी जिभेवर आलं होतं. कुणाच्या बापाला कळणार होतं? एवढ्याशा फरकाने काही आभाळ कोसळणार नव्हतं. आणि नवऱ्याचा हंगाम वाचला असता. मी नुसती काचेकडे बघत राहिले.

नवऱ्याने पाय न थांबवता मान वळवली. घामाने निथळत होता, धाप लागली होती. "वाच की गं," तो म्हणाला. "पाय माझेच आहेत. मला आधीच कळलंय."

"चार पॉइंट तीन," मी वाचलं.

कोच हळूच म्हणाला, "ठीक आहे, काका. उतरा आता."

नवरा उतरेना. "भार वाढव," मला म्हणाला.

मी वाढवला. सातवी पायरी गेली, आठवी लागली. शिव्या सुरू झाल्या. आधी यंत्राला, मग कोचला, मग माझ्या माहेरच्या झाडून सगळ्यांना. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. इतका आवडला मला तो तेव्हा, की काय सांगू.

"अहो वहिनी, थांबवा त्यांना," कोच म्हणाला. "चाचणी संपली."

"तुमची संपली असेल," मी म्हणाले, आणि नववी पायरी लावली.